डावऱ्या हाताची गाठ

दृष्ट, करणी, भूतबाधा... असले विषय निघाले की मी आजही उठून बाहेर जातो. घरचे मला चिडका म्हणतात – म्हणोत! पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं कसं?

बत्तीस-तेहतीस सालचा उन्हाळा असेल. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. एका सकाळी एक विधवा साळीण सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरीच्या उजव्या भुवईखाली सुपारीएवढी गाठ, तिच्या भारानं पापणी निम्मी मिटलेली.

"गाठ कशी आहे? घट्ट?" मी विचारलं.

"ह्येंची गाठ लई घट्ट हुती, दादा. डावरं हुते न्हवं! सूत तुटलं की ह्येंच्या गाठीची शेपटं उलट्या अंगाला पडायची. समदी पेठ वळखायची."

मी कपाळावर हात मारला. विचारतोय काय, सांगतेय काय! नवरा मागावर बसल्या बसल्याच गेलेला, पोर तेव्हा पोटात. त्यानं विणायला घेतलेलं शेवटचं लुगडंसुद्धा मालकानं मागावरून उतरवून नेलेलं.

डॉक्टरांनी गाठ चाचपली. दुखत नव्हती, कातडीखाली सरकत होती. "बिनाइन आहे, साधी गाठ. जन्मापासूनची पिशवी, आत चरबी आणि केस. पण काढली नाही तर हा डोळा अधू होईल."

"काढा... पर कापू नगा की. सोडवा," ती म्हणाली. मला हसू आलं.

क्लोरोफॉर्म देऊन डॉक्टरांनी भुवईत छेद घेतला, पिशवी अख्खी बाहेर काढली. खात्रीसाठी ती कापून बघायचं काम माझं. आत दह्यासारखी चरबी आणि एकच लांब केस – मधे तुटलेला, पुन्हा जोडलेला. सोलापुरात राहून विणकराची गाठ कोण ओळखणार नाही? शेपटं उलट्या अंगाला होती.

केस गुंततातच, असं स्वतःला बजावून मी सगळं मागच्या दारच्या पेटत्या बंबात टाकलं.

"डोळा वाचला," मी बाहेर येऊन म्हणालो. तिनं हात जोडले. मग हळूच विचारलं, "आत गाठ मारल्याली हुती का, दादा?"

मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. "होती," तोंडून निघून गेलं.

तिनं ओंजळ पुढं केली. "द्या की. ह्येंचं दुसरं काय बी न्हाय माज्याजवळ."

केसाला ती गाठ कुणी मारली, मला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी वेड्यासारखा बंबाची राख उकरत बसलो. काही सापडलं नाही. परत आलो, तेव्हा ती तशीच ओंजळ धरून उभी होती.