सत्तावीस नंबरची तक्रार

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता रॉटरडॅममधल्या माझ्या घरी पणदऱ्याहून पाठवलेलं पार्सल पोचलं. पुठ्ठ्याची पेटी बाहेरून जवळजवळ धड होती. फक्त एका बाजूचा कोपरा चेपला होता. आतला काचेचा लॅक्टोमीटर फुटला होता. नळीचे चार तुकडे झाले होते आणि फुग्यातले शिशाचे छर्रे पेटीच्या तळाशी घरंगळत होते.

लॅक्टोमीटर म्हणजे दुधात पाणी घातलंय का हे सांगणारी, तळाशी जड फुगा असलेली काचेची नळी. ही नळी माझ्या वडिलांची, आबांची होती. पणदऱ्यातल्या दूध संकलन केंद्रावर ते बावीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दूध तपासत. नळी दुधात सोडायचे, वाकून बघायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. अठ्ठावीसच्या खाली आला की दुधात पाणी. सुट्टीच्या दिवशी तो आकडा मी वहीत लिहायचे. केंद्रावर मशीन आलं तेव्हा आबांनी दोन जुने लॅक्टोमीटर मागून घरी आणले. फुटला तो त्यातला एक.

पेटी आईनं भरली होती. आई द्राक्षं भरते. भवानीनगरच्या पुढं, इंदापूर तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये. हंगामात सकाळी साडेसहाला जीप येते, तिच्यात बसून जाते. डोक्याला जाळी, हातात मोजे आणि छोटी कात्री. खराब मणी कापायचा, घड प्लॅस्टिकच्या डबीत बसवायचा, डब्या पेटीत बसवायच्या. प्रत्येक पेटीत भरणाऱ्या बाईच्या नंबरची चिठ्ठी जाते. आईचा नंबर सत्तावीस. पेटी बंद केली की ती कानाजवळ नेऊन हलकेच हलवायची. आतून आवाज आला तर पुन्हा उघडायची. तिथल्या बायका म्हणतात, पेटी बोलली. बोलणारी पेटी पुढं जात नाही.

परदेशातून एखाद्या पेटीची तक्रार आली, तर सकाळी काम सुरू होण्याआधी तो नंबर सगळ्यांसमोर वाचला जातो. त्या नंबरच्या बाईनं पुढं यायचं आणि सगळ्यांदेखत एक पेटी भरून दाखवायची. शिक्षा नाही, पगार कापत नाहीत. नंबर वाचला जातो, एवढंच. सत्तावीस नंबर कधी वाचला गेला नव्हता.

मी घर सोडलं त्या दिवशी आईनं माझी बॅगही अशीच तपासली होती. पुण्यातल्या एका दैनिकात सात वर्षं मी बातम्या तपासण्याचं काम केलं आणि नंतर शेतमालाच्या व्यापारावर लिहिणाऱ्या इथल्या एका साप्ताहिकात नोकरी मिळाली. दुपारची वेळ होती. गाडी दारात होती आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला होता. आईनं बॅग दोन्ही हातांनी उचलली, कान लावला आणि हलवली.

"बोलतीया," ती म्हणाली.

"अगं, इमान चुकंल तिचं," आबा म्हणाले.

"चुकू द्या. फुटकं सामान घिऊन उतरायचं का तिनं तितं?"

बॅग ओट्यावर उघडली गेली. आवाज लॅक्टोमीटरचा होता. आबांनी तो कुणाला न सांगता टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मध्ये सरकवला होता.

"तिकडं कसलं दूध मिळतंय कुणास ठावं," ते म्हणाले. "असू दे पोरीजवळ."

"काच अशी भरत्यात व्हय? निवांत भरून पाठवीन मी मागनं."

आईनं नळी काढून घेतली, बॅग नव्यानं भरली आणि पुन्हा कानाला लावली. या वेळी आवाज आला नाही. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. निरोप घ्यायला तेवढाच वेळ हातात होता आणि तो कपड्यांच्या घड्या घालण्यात गेला.

ते "मागनं" चार वर्षांनी उजाडलं. पणदऱ्यात राहिलेल्यांना चार वर्षं फार वाटतील. बाहेर पडलेल्यांना ती कशी जातात हे माहीत आहे. घरून आलेलं पार्सल उघडताना आपण आधी वस्तू बघत नाही, ती कशात गुंडाळली आहे ते बघतो. कुठल्या महिन्याचं वर्तमानपत्र, कुणाच्या लग्नाची पत्रिका. घरी होते तेव्हा मला द्राक्षाची पेटी म्हणजे आईच्या हातांना येणारा वास एवढंच माहीत होतं. आता बंदरावरच्या शीतगृहांत बातमीसाठी जाते तेव्हा माझ्याही डोक्याला जाळी असते. भारतातून आलेली पेटी उघडली की मी आधी चिठ्ठी शोधते. सत्तावीस नंबर अनेकदा दिसला. दरवेळी पॅकहाऊस वेगळं होतं.

लॅक्टोमीटर फुटल्याची तक्रार मी त्याच दिवशी कुरिअर कंपनीकडं नोंदवली, सोबत फोटो जोडले. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. नुकसानीचं कारण: अपुरं पॅकिंग. जबाबदारी: पाठवणाऱ्याची.

ते उत्तर मी व्हिडिओ कॉलवर आई-आबांना मराठीत वाचून दाखवलं. ही चूक होती आणि ती माझी होती. आलेली माहिती आधी तपासायची आणि मगच पुढं सांगायची, हे सात वर्षं मी इतरांना शिकवत होते.

आबा हसले. "सत्तावीस नंबर, माल रिजेक्ट झाला की तुमचा!"

आई हसली नाही. "पाठवणाऱ्याची म्हंजी माजी?"

"हो."

"पेटी हातात घिऊन बघितली का त्यांनी?"

"नाही. फोटो बघितले."

"मग ते मलाबी धाड, शुभे. चारी बाजूंचं, वरचा, खालचा. आन चेपलेल्या कोपऱ्याचा जवळनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकहाऊसमध्ये सगळ्या बायका जमल्या तेव्हा सुपरवायझर मॅडमच्या कागदावर कुठलाच नंबर नव्हता. आई स्वतःहून पुढं आली. तिथं काय घडलं ते मला सव्वीस नंबरच्या कमलमावशींनी फोनवर सांगितलं. त्या आईच्या शेजारच्या टेबलावर असतात. आईनं नंतर दुजोरा दिला.

"सत्तावीस नंबरची तक्रार आलीया," आई म्हणाली. "द्राक्षाची न्हाय. पर पेटी माजी हाय."

"अक्का, ते तुमचं घरचं पार्सल," मॅडम म्हणाल्या. "त्याचा इथं काय संबंध?"

"भरणारं हात तेच हायेत की."

"लेकीच्या पार्सलाची पंचायत हितं कशाला गं?" कमलमावशी म्हणाल्या. "आमच्या घरी तर लेक फोनबी उचलत न्हाय, आमी कुठं तक्रार करावी?"

बायका हसल्या. मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत परवानगी दिली.

जेवणाच्या सुट्टीत आईनं तेवढीच पेटी घेतली आणि तशीच भरली. लॅक्टोमीटरच्या जागी चहाचा काचेचा ग्लास ठेवला. टेबलाच्या उंचीवरून पेटी उभीच खाली सोडली. ग्लास शाबूत. पुन्हा सोडली, तरी शाबूत. मग कमलमावशींनी पेटी उचलली आणि आडवी सोडली. आत काच वाजली.

"आता बोलली," कमलमावशी म्हणाल्या.

आईनं पेटी उघडली. तळाशी बबलशीटचे तीन थर होते, वर दोन, बाजूंना एकेक. द्राक्षाची पेटी अशीच भरतात. ती पॅकहाऊसपासून परदेशातल्या बंदरापर्यंत उभीच असते, एकावर एक रचलेली. भार वरून येतो. कुरिअरची पेटी सरकत्या पट्ट्यावरून लोळत जाते आणि कुठल्याही अंगावर पडते, हे त्या बायकांपैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. द्राक्ष भरणाऱ्या हातांकडूनच व्हावी अशी ती चूक होती.

त्या संध्याकाळी आईचा कॉल आला.

"बाजूला एकच थर हुता. ती चूक माजी."

"बरं झालं कळलं. मग मिटवूया आता."

"मिटलं कुठं? मी बाण काढला हुता, तो फोटोत दिसंना. बाण वर म्हंजी पेटी उभीच न्यायाची. आन शेजारी प्याला काढला हुता, आमच्या पेटीवर छापलेला असतो तसा. म्हंजी आत नाजूक हाय."

मी पेटी फिरवून पाहिली. दोन बाजूंवर मार्करनं मराठीत लिहिलं होतं: काचेचं आहे, हळू धरा. महाराष्ट्र सोडल्यावर ते किती जणांना वाचता आलं असेल, हे कळायला मार्ग नव्हता. बाण कुठंच नव्हता. पेलाही नव्हता.

"आई, बाण नाहीये."

"रुंद बाजूला बघ."

"तिथं कंपनीचा पत्त्याचा स्टिकर आहे."

आई स्क्रीनजवळ आली. "तो काढ."

मी किटलीत पाणी उकळलं आणि वाफेवर स्टिकर सोडवायला घेतला. पाऊण तास लागला. तेवढा वेळ आईनं कॉल चालू ठेवला. पाठीमागं आबा तिला भाजी करपल्याचं सांगत होते. स्टिकर निघाला तेव्हा खाली दोन जाड काळे बाण होते आणि त्यांच्या शेजारी दांडीचा पेला. रेघा सरळ होत्या. पट्टी लावून काढलेल्या.

"दिसला का?"

"दिसला."

आबांनी मान पुढं काढली. "घ्या. पुरावाच झाकून टाकलाय की गड्यांनी."

फेरविचाराचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी लिहायला घेतला. आईची एकच अट होती.

"माजी चूक आधी लिही. मग त्यांची."

"तुझी चूक लिहिली तर ते तीच धरून बसतील."

"बसू देत. खोटी हाय का ती?"

"तिचं बरोबर हाय," आबा म्हणाले. "वाचन जे आलं तेच लिवायचं. मी घरच्या म्हशीलाबी सूट दिली न्हाय."

हे खरं आहे. एका सकाळी आबांनी आमच्याच घरचं दूध केंद्रावरून परत पाठवलं होतं. कॅन धुतल्यावर तळाशी पाणी राहिलं होतं. कॅन आईनं धुतला होता. त्या दिवशी ती आबांशी बोलली नाही. पण त्यानंतर कॅन उन्हात पालथा घातल्याशिवाय तिनं कधी भरला नाही.

अर्जात दोन मुद्दे होते. पहिला: बाजूंना बबलशीटचा एकच थर होता, तो कमी पडला. दुसरा: पेटी उभी ठेवण्याची आणि आत नाजूक वस्तू असल्याची खूण ठळक काढलेली होती, ती कंपनीच्या स्टिकरखाली गेली, चेपलेला कोपरा पेटी आडवी पडल्याचं दाखवतो. सोबत स्टिकर काढण्याआधीचा आणि नंतरचा फोटो जोडला. भरपाईच्या रकान्यात लिहिलं, भरपाई नको, पॅकिंगबद्दलचा शेरा मागे घ्यावा. बातमीतल्या दुरुस्त्या मी बऱ्याच लिहिल्या आहेत. स्वतःची चूक पहिल्या ओळीत सांगून दुसऱ्याची दाखवणारा अर्ज हा पहिलाच.

अर्जात कायमचा पत्ता विचारला होता. चार वर्षं या रकान्यात मी रॉटरडॅमचा पत्ता लिहीत आले. या वेळी मुक्काम पोस्ट पणदरे, तालुका बारामती असं लिहिलं. तक्रार तिथली होती.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. हाताळणीच्या खुणा कंपनीच्या स्टिकरनं झाकल्या गेल्या होत्या. नुकसान वाहतुकीत झालं. त्याची जबाबदारी कंपनीची. अपुऱ्या पॅकिंगचा शेरा काढून टाकला आहे. पार्सल स्वीकारणाऱ्या कार्यालयांना खुणांवर स्टिकर न लावण्याची सूचना दिल्याचंही त्यात होतं. मी त्याचं मराठी करून पाठवलं. आईनं ते दोनदा वाचलं.

"काढला म्हणत्यात," ती आबांना म्हणाली.

"मग आज तरी भाजी नीट हुईल," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी नंबर पुकारून ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं. सत्तावीस नंबर पहिल्यांदाच मोठ्यानं वाचला गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाजूच्या थराचं काय लिवलंय ह्यात?" कमलमावशींनी विचारलं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या.

"ते मी दावते," आई म्हणाली आणि बाजूंना तीन-तीन थर लावून एक पेटी भरून दाखवली.

तिथल्या अनेक बायकांची मुलं बाहेर आहेत. कुणाची पुण्यात, कुणाची बंगळुरूला, एकीचा मुलगा दुबईत. त्यांना पाठवायची पार्सलं आता आईच्या टेबलावरून जातात. पहिलं पार्सल कमलमावशींच्या लेकीचं होतं, कुरडयांचं. ते मिळाल्यावर लेकीनं स्वतः फोन केला. हे कमलमावशींनी मला फोनवर तीनदा सांगितलं.

एप्रिलमध्ये द्राक्षाचा हंगाम संपला. त्यानंतरच्या आठवड्यात आईनं दुसरा लॅक्टोमीटर पाठवला. पार्सल गुरुवारी दुपारी पोचलं. चारी बाजूंना बाण आणि पेला होता. कंपनीचा स्टिकर वरच्या अंगाला, खुणा सोडून लावलेला होता.

मी पेटी कानाजवळ नेऊन हलवली. आवाज आला नाही. उघडली. सगळ्यात वर चिठ्ठी होती, तिच्यावर २७ हा आकडा. खाली लॅक्टोमीटर होता, अखंड.

मी कॉल लावला. नळी स्क्रीनसमोर धरली. आईनं ती वरपासून खालपर्यंत दाखवायला सांगितली आणि बघून झाल्यावर फोन आबांकडं दिला.

"दूध हाय का घरात?"

"आहे. फ्रिजमध्ये."

"थंड दुधात वाचन चढतं. भाईर काढून ठेव. तासाभरानं बघ."

मी दूध उंच भांड्यात ओतून ओट्यावर ठेवलं. तासाभरानं नळी सोडली. ती दोनदा वर-खाली झाली आणि स्थिर राहिली. मी वाकून पाहिलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला.

तीस.