घोडीला चालेल असा साबण

निवृत्त झाल्यावर नवऱ्याने घोड्यावर बसायला शिकायचं ठरवलं, तेव्हा आमच्या मित्रमंडळींना ती थट्टाच वाटली. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या स्टीलच्या कारखान्यात उभी हयात नोकरी केलेला हा माणूस. नोकरी संपल्यावर खिडकीशी बसून समोरच्यांचा ड्राइव्हवे बघत राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही गं, बसलोय." ते 'काही नाही' मला फार जड जायचं.

एकदा मिल्टनच्या बाहेर शेतावर मक्याची कणसं आणायला गेलो होतो. वाटेत एक तबेला लागला. कुंपणाशी एक म्हातारी तपकिरी घोडी उभी होती. यांनी गाडी थांबवली आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. कितीतरी वेळाने मी हॉर्न दिला, तेव्हा परत आले आणि म्हणाले, "इथे मोठ्यांनाही शिकवतात. बोर्ड आहे."

पहिल्या दिवशी घरी आले ते घाम, गवत आणि लीद यांचा दरवळ घेऊनच. मी गराजच्या दारातच अडवलं.

"अहो, हे कपडे माझ्या साड्यांच्या मशीनमध्ये जाणार नाहीत."

"बेसमेंटमधल्या जुन्या मशीनमध्ये मी धुतो. तू बघूही नकोस."

मी खरंच बघितलं नाही. बेसमेंटमधून फुलांचा भपकारा वर यायला लागला, तेव्हा बरंच वाटलं.

पुढच्या धड्याहून आले ते कोपर धरून. घोडी वळली तशी हे खोगिरावरून घसरले आणि वाळूत पडले. खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, पण चेहरा उतरला होता. त्यांचं खरं दुःख पडण्याचं नव्हतंच.

"ती मला जवळच येऊ देत नव्हती," ते म्हणाले. "मान फिरवत होती, शिंकत होती. मला वाटलं, मी नकोसा झालो तिला."

मग शिकवणाऱ्या बाईंनी यांची बाही हुंगली आणि कपडे कशात धुता म्हणून विचारलं. घोड्याचं नाक तिखट असतं, इतका सुगंध त्याला सोसत नाही, असं त्या म्हणाल्या. शिवाय राइडिंगच्या पँटला गुडघ्यांपाशी, खोगिराला टेकणाऱ्या बाजूला, रबरी ठिपके असतात, खोगिरावर पकड राहावी म्हणून. कपडे मऊ करायच्या सॉफ्टनरने त्यांच्यावर गुळगुळीत थर बसला होता.

मी खाली जाऊन बघितलं. सगळ्यात उग्र वासाचा लिक्विड साबण, आणि शेजारी सॉफ्टनरची जवळजवळ रिकामी बाटली.

"एवढं कशाला ओतायचं?"

"तुला वास आवडत नाही ना," ते म्हणाले. "म्हटलं, तुला त्रास नको."

मी बाटली बाजूला ठेवली. कोपराला हळद लावली आणि म्हटलं, "चला, दुकानात जाऊ."

साबणांच्या आइलमध्ये आम्ही दोघं झाकणं उघडून हुंगत उभे. एका बाटलीवर 'अनसेंटेड' लिहिलेलं, तरी तिला पुसट लिंबाचा वास होता. यांनी ती परत ठेवली. "आपल्याला येतो म्हणजे तिला येणारच." दुसरीवर 'खेळाच्या कपड्यांसाठी' लिहिलं होतं, पण ती उघडताच मलाच शिंक आली. शेवटी तळाच्या फळीवर एक साधी पांढरी बाटली मिळाली. हिला कसलाच वास नव्हता. बाळांच्या कपड्यांसाठी होती.

त्यानंतर कपडे आम्ही दोघं मिळून धुवायला लागलो. आधी ब्रशने केस झाडायचे, नाहीतर ते मशीनभर चिकटतात. पँट उलटी करायची, पाणी गार ठेवायचं, शेवटच्या पाण्यात सॉफ्टनरऐवजी थोडं व्हिनेगर घालायचं. ड्रायर नाही, बेसमेंटमध्ये दोरीवर वाळत टाकायचं. पहिल्या धुण्यात वास पुरता गेला नाही, म्हणून पुढच्या वेळी कपडे आधी भिजत घातले. सॉफ्टनरचा थर निघायलाही तीन-चार धुणी लागली. खाली कपडे झटकता झटकता हे बोलायला लागले. घोडी कुठल्या कानाने ऐकते, सफरचंद कसं खाते, पावसाळी हवेत कशी रुसते. इतकं सलग बोलताना त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

पँटला पकड आली तशी मीही तबेल्यात गेले. हे जवळ जाताच घोडीने बाहीला नाक लावलं, लांब श्वास घेतला आणि मान त्यांच्या खांद्यावर टेकवली. हे मुळीच हलले नाहीत.

शिकवणाऱ्या बाई मला हळूच म्हणाल्या, "शी लाइक्स हिम."

"आय नो," मी म्हणाले. 

या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, घोडीचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा तिच्यावर कुणाला बसवणं बंद झालं. बाईंनी यांना दुसरा तरुण घोडा देऊ केला. हे नको म्हणाले. आता शनिवारी आम्ही दोघं तिला खरारा करायला जातो. बसायचं नसलं तरी हे तीच पँट घालतात. मी मानेची बाजू घेते, हे पाठीची. मध्येच ती माझ्या स्वेटरला अंग घासते आणि तपकिरी केसांनी तो भरून टाकते.

"झटक, झटक," हे म्हणतात.

"राहू द्या हो," मी म्हणते, आणि ब्रश फिरवत राहते.