दोन मिस कॉल

चंद्रकांता माझी थोरली जाऊ. वसईजवळ गास गावात आमची मोगऱ्याची वाडी आहे, ती आम्ही दोघी सांभाळतो. एरवी या बाईच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. पण दोन वर्षांपूर्वी ती एका संस्थेत गेली, मन खचलेल्या बायकांचं फोनवर ऐकून घ्यायचं शिकली आणि तोंडाला कुलूपच लागलं. "ताई, आम्हालाही सांगा की काहीतरी!" म्हटलं तर हूं नाही की चूं नाही. मला रागच यायचा.

तिच्याकडे साधा बटणांचा फोन. त्या बायकांकडेही तसलाच, तोही अख्ख्या घरात मिळून एक. म्हणून नियम ठरलेला. एक मिस कॉल म्हणजे मी एकटी आहे, फोन कर. लागोपाठ दोन म्हणजे बोलायचंय, पण घरात माणसं आहेत, अजिबात करू नकोस.

गेल्या उन्हाळ्यातला गुरुवार. सकाळी आम्ही कळ्या खुडत होतो. फोन एकदा वाजून थांबला. ताईने नंबर पाहिला, तोवर पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. ती तिथेच मातीत बसली.

"कोण?"

पहिल्यांदाच ती बोलली. रचना. (नाव मी बदललंय.) पदरात चार महिन्यांचं बाळ. दर मंगळवारी दुपारी सासू वाडीत गेली की तिचा एक मिस कॉल यायचा. परवा म्हणाली होती, मला जगावंसंच वाटत नाही. ताईने लगेच संस्थेच्या डॉक्टर ॲनिशाला कळवलं होतं, शनिवारी भेट ठरली होती. आणि आज गुरुवारीच हे.

"अहो, मग लावा ना फोन!"

"दोन आलेत, रीमा. नवरा घरात असेल. मागे बोलताना सापडली तेव्हा त्याने मारलं होतं तिला."

"आणि तिने काही करून घेतलं तर?"

पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझा जीव नुसता टांगणीला. असला कसला मेला नियम, असं मी तोंडावर म्हणाले. तेवढ्यात फोन तिसऱ्यांदा वाजून थांबला. तिसऱ्याचा नियमच नव्हता. ताईने उलट फोन लावला.

पलीकडे म्हातारा आवाज. रचनाची सासू, शकू. ताईचा चेहरा पांढराफटक. "मी फुलवाली, कळ्यांचं विचारायला..." तिने ठरलेली थाप मारली.

"गप गं बाय! तूच ना ती मंगळवारची? किती येळ मिस कॉल देतेय! फोनात बोलायपुरता बॅलन्स नाय. रचनानं आतून कडी घातलीय, पोर बाहेर रडतंय. मला उत्तरच देत नाय."

अगं देवा! नियम म्हातारीला कुठून ठाऊक असणार? ती बिचारी मदत मागत होती आणि आम्ही ठरल्याप्रमाणे गप्प बसलो होतो.

"फोन दाराला लावून धरा, आवाज मोठा करा," ताई म्हणाली. मग म्हणाली, "रचना, मी आहे. कडी नको काढूस. नुसतं हूं म्हण."

मी माझ्या फोनवरून ॲनिशाला लावला. ती रिक्षाने निघाली. ताई बोलत राहिली, मध्येच थांबायची, ऐकायची. माझ्या ओंजळीतल्या कळ्यांचा चुरा झाला. बऱ्याच वेळाने बारीकसं हूं आलं. नंतर रडणं. मग कडी वाजली, आणि ताई पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली.

ॲनिशाने रचनाला दवाखान्यात नेलं. औषधं सुरू झाली, नवऱ्यालाही समोर बसवून सुनावलं. सावरतेय आता पोर.

शकूला ताईने नंतर विचारलं, तुम्हाला मंगळवारच्या फोनांचं ठाऊक होतं? ती म्हणाली, "मंगळवारचं मी मुद्दामच वाडीत जायचे. बोलून झालं की पोर दोन घास जेवायची."

आणि आम्ही त्या बाईला वैरीण समजत होतो!

मागच्या बुधवारी त्याच नंबरचा मिस कॉल आला. एकच. ताईने लगेच फोन लावला.

"रचना बरी हाय," शकू म्हणाली. "पोराला घेऊन वाडीत गेलीय. मुद्दाम गेलीय." मग हळूच म्हणाली, "तीस वर्सं झाली बाय, मी कोनाशी बोललेच नाय. माझं ऐकशील?"