उलटी बाजू पाहणारे वकील

अन्याय झाला तो उमरेडच्या सोमाजी निखारे या विणकरावर, १९७७ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला. कोर्टाचा बेलिफ त्याच्या मागाजवळ उभा राहून मनाई हुकूम देऊन गेला. लुगड्याच्या पदराच्या उलट्या बाजूला, कोपऱ्यात, सोमाजीचा बाप तीन पानं विणायचा. सोमाजीही विणतो. नागपूरच्या इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने ती खूण स्वतःच्या नावाने नोंदवली आणि बापाची पानं विणणं ही सोमाजीची चोरी ठरली.

खटला गोविंदराव हिरुरकरांकडे गेला. मी विणकरांसाठी पत्रकं काढणारा, सोमाजीबरोबर फिरणारा पोरगा; मला ते पसंत नव्हतं. भागीदारांची भांडणं, मालाचे करार, बुडीत कंपन्या, व्यापारी छाप, याच कामांत त्यांची हयात गेलेली, आणि तीही बहुतेक शेठ लोकांच्या बाजूने. असा माणूस विणकराचं वकीलपत्र घेतो, तेव्हा विचारायलाच हवं: काहून?

धंतोलीतल्या ऑफिसात त्यांनी सोमाजीचा हुकूम आधी उलटा केला. मग त्याने आणलेलं लुगडंही. "पुढून सारेच सजून येते गा. मागून पाहू दे." आणि लगेच सोमाजीचीच उलटतपासणी: "तूच शेठची नक्कल केली नाही, कशावरून?"

"बापाची शपथ, साहेब."

"बाप साक्षीले येते का? शेठच्या दुकानाच्या आधीचं लुगडं आन."

सोमाजी म्हणाला, भिवापूरच्या अनसूया आजीने लग्नातलं लुगडं जपून ठेवलंय. गोविंदरावांनी पेन खाली ठेवलं. "तारखेपर्यंत कोनाले सांगू नका. या पोट्ट्याले तर तोंडच उघडू देऊ नका."

पोट्टा म्हणजे मी. मला वास आला. आतून तडजोड चालली आहे, पुरावा दाबायचा आहे! आठ दिवसांत मी पत्रक काढलं, 'पुरावा भिवापुरात, वकील गप्प का?' आजीच्या नावासकट. कोर्टाच्या फाटकावर स्वतः वाटलं.

ते व्यापाऱ्याच्या माणसानेही वाचलं. आम्ही भिवापूरला पोचलो तेव्हा आजी कोऱ्या पातळात बसली होती. "जुनं देलं नं बाप्पा. त्यानं नवीन जोडी देली. मले वाटलं, तुमचाच मानूस."

पत्रक घेऊन मी गोविंदरावांपुढे उभा राहिलो, शिव्यांची वाट पाहत. त्यांनी ते उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"अर्धा कागद फुकट घालवला नं बे. इथं लिही, दुसरं लुगडं पाहिजे."

सुनावणीआधीच, दिवाळीनंतर, ते हृदयविकाराने गेले. शेठकडून त्यांनी काही घेतलं होतं का, हे मी तेव्हाही शोधलं. लाज वाटते, पण शोधलं. फाइलमध्ये माझंच पत्रक निघालं. मागे त्यांच्या अक्षरात गावांची नावं, सातांवर काट, आणि टाचलेली एसटीची तिकिटं. म्हातारा एकटाच दारोदार फिरत होता.

काट न मारलेली गावं मी इथे छापणार नाही. तुम्ही घरातली पेटी उघडा. आईचं, आजीचं उमरेडी लुगडं काढा. पदर उलटा करा. कोपऱ्यात तीन पानं दिसली, तर संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सुनावणीच्या दिवशी, ते घेऊन नागपूरच्या कोर्टात सोमाजीजवळ येऊन उभे राहा. तोवर कोणाला सांगू नका. मलाही नाही.