शेवटाकडून उघडलेली पानं

पत्नी गेल्यावर तिचं खातं बंद करण्याचा अर्ज मीच केला. घरी केलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी ती गावोगाव पाठवायची. पैसे ऑनलाइन यायचे. ते पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने कळवलं की महिनाअखेरीस संध्याकाळी सहाला खातं बंद होईल आणि नोंदीही जातील. हिशेब मुलीने आधीच उतरवून ठेवला होता. मला शेरे हवे होते.

प्रत्येक ऑर्डरपुढे ती एखादी ओळ लिहायची. ‘तिखट कमी, सासूबाईंना दात नाहीत.’ ‘वसतिगृहातला मुलगा, एक पाकीट जास्त टाकलं.’ कंपनीच्या संकेतस्थळावर हे शेरे दिसत नसत, म्हणून पुण्याहून मुलीने मला एक छोटा प्रोग्राम करून पाठवला. ब्राउझरमधल्या पत्त्याच्या ओळीत प्रश्नचिन्ह टाकायचं आणि त्यापुढे सांगायचं: कितवं पान, पानावर किती नोंदी, क्रम कोणत्या तारखेचा. एका वेळी विसापेक्षा जास्त नोंदी मिळत नसत. लागोपाठ मागितलं तर ‘थांबा’ असं उत्तर येई. मला घाई नव्हती. दिवसाला एखादं पान वाचायचो. तिचं बोलणं मला पुरवून पुरवून ऐकायचं होतं.

माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. वर्षाअखेरीस पुस्तकांची पडताळणी करताना हाताळलेल्या पुस्तकावर आम्ही पेन्सिलीची बारीक खूण करत असू. ती सवय सुटली नाही. वाचलेल्या प्रत्येक नोंदीला ‘पाहिले’ अशी खूण जोडण्याची सोय मी मुलीकडून मागून घेतली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी मावशी आल्या. वळसंगच्या. उखळात चटणी कुटण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. आता काम नव्हतं, तरी येत.

“सर, जेवला न्हाय वाटतं. वैनी असत्या तर ताट उचलून न्हेलं असतं.”

“वाचतोय.”

“मग माझ्या नातीच्या बारशाचं वाचा की. त्या दिशी समद्या ऑर्डरी खोळंबल्या. वैनी म्हनल्या, लिवून ठेवते, बारसं हाय, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात.”

मी गेल्या दिवाळीपर्यंत आलो होतो. बारसं त्याआधीचं. मला ते कुठेच दिसलं नव्हतं. मुलीला स्पीकरवर फोन लावला.

“बाबा, क्रम कोणत्या तारखेवर लावलाय?”

“नोंदीतल्या शेवटच्या बदलाच्या. जुनं आधी. पार्सल बांधून झाल्यावर ती शेरा लिहायची ना, म्हणून.”

ती हळूच म्हणाली, “तुमची खूणसुद्धा बदलच आहे, बाबा. खूण केली की ती नोंद तळाशी जाते. पहिल्या पानावरच्या वीस तळाशी गेल्या, दुसऱ्या पानावरच्या वर सरकून पहिल्यावर आल्या, आणि तुम्ही उघडलं दुसरं पान.”

म्हणजे एक पान वाचत आणि एक गाळत मी इथवर आलो होतो. वाचलेलंही उतरवून घेतलं नव्हतं. नुसत्या खुणा केल्या होत्या.

“आता क्रम ऑर्डरच्या तारखेवर लावा. वाचू नका, नुसतं साठवा. सगळं मिळणार नाही, दर पानामागे बराच वेळ थांबावं लागतं. कुठल्या टोकाकडून घ्यायचं ते ठरवा.”

मी मावशींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “शेवटाकडनं घ्या, सर. वैनी पडून असायच्या, तरी मोबाईलवर कायतरी लिवायच्या. मला दावलं न्हाय कदी.”

मलाही तेच हवं होतं. आजारपणाच्या त्या शेवटच्या महिन्यांत ती माझ्याशी फार थोडं बोलली. मी ‘नवे आधी’ असा क्रम लावला.

पहिलं पान आलं. वीस नोंदी, शेऱ्याची जागा रिकामी. थांबलो. दुसरंही रिकामं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. पत्ता पुन्हा तपासला. पत्ता बरोबर होता. तिसऱ्या पानावर एके ठिकाणी ‘पाठव’ एवढंच होतं, ‘पाठवलं’ नाही. मग पुन्हा रिकामं. खिडकीवरचं ऊन भिंतीवर गेलं, भिंतीवरून उतरलं.

“काय लिवलंय?” मावशी विचारत होत्या.

“काही नाही.”

“कायच न्हाय? नीट बगा की.”

क्रम उलटा करावा, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा वाटलं, पुढच्याच पानावर असेल. ती मोबाईल धरून पडलेली मी रोज पाहिली होती. त्या हातांना शब्द झेपत नव्हते, हे मात्र पाहिलं नव्हतं. एकामागून एक कोरी पानं मी जपून साठवत राहिलो.

सहाला थोडा वेळ उरला असताना आलेल्या पानावर अगदी तळाशी, विसाव्या नोंदीपुढे, अख्खी ओळ होती: ‘आज हात दुखतो आहे, कालच्यासारखंच उद्या लिहीन.’

मी मागे मागे जात होतो, म्हणून कालचं पुढच्या पानावर होतं. मी पानाचा आकडा एकाने वाढवला आणि मागणी पाठवली. ‘थांबा’ असं उत्तर आलं. थांबलो. पुन्हा पाठवली.

‘हे खाते अस्तित्वात नाही.’

मावशींनी चष्मा नसतानाही पडद्यावर वाकून पाहिलं. “आलं का?” त्यांनी विचारलं.