सातवा टेक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. अमावस्येला नारळ उतरवून टाकणाऱ्या सासूबाईंशी मी भांडलेली बाई आहे. म्हणून हे इतकी वर्षं कुणाला बोलले नाही... नातवंडं म्हणतील, आजी सटकली!

२००० नंतरची पाच-सहा वर्षं. आम्ही इंग्लंडात, लंडनजवळ मेडनहेडला राहायचो. माझे मिस्टर रेकॉर्ड प्रोड्यूसर, घराच्या गराजमध्येच त्यांचा स्टुडिओ. तिथे मॅगी गायची — कंट्री म्युझिक. म्हणजे गिटार, घोडा आणि पळून गेलेला नवरा. मॅगी जन्मात घोड्यावर बसली नव्हती, पण आवाज असा की सगळं तिच्यावरच बेतलंय असं वाटावं. ह्यांची आणि तिची जोडी जमली. तीन अल्बम धडाक्यात चालले.

आणि मी? पन्नाशी उलटलेली, पण अक्कल सोळाची! दोघं तासन्‌तास करतात काय, या संशयाने मी रोज शेजारच्या स्लाऊ गावातल्या देशी दुकानातून आणलेली मेथी घेऊन स्टुडिओतल्या सोफ्यावर निवडत बसायचे. पहाराच तो. त्या काळात घरात इतकी मेथी शिजली की लेक वीकेंडला यायची बंद झाली.

चौथ्या अल्बमचं शेवटचं गाणं उरलं होतं आणि हे गेले. हार्ट अटॅक. त्या गाण्याचे अकरा टेक झाले होते, म्हणजे तेच गाणं अकरा वेळा गाऊन रेकॉर्ड केलेलं. कुठला ठेवायचा, ते मात्र ठरलं नव्हतं.

दिवसकार्य आटोपल्यावर मॅगी दारात.

"कमल, लव्ह, स्टुडिओत चल. आणि ती भाजी घे."

"मेथी? आत्ता?"

"तुला त्याने कधी सांगितलं नाही? टेक तो कसा निवडायचा ते? तुझ्याकडे बघून. ऐकता ऐकता तुझे हात थांबले, की म्हणायचा, बस, हाच."

मी ह्यांच्यावर पाळत ठेवत होते, आणि हे माझ्यावर!

"त्याच्याशिवाय मला कळत नाही गं," मॅगी म्हणाली. "हे चुकलं तर मी पुन्हा माइकसमोर उभी राहणार नाही."

मग बसले. दुपारचे दोन, बाहेर स्वच्छ ऊन. मॅगीने एकेक टेक लावला. सहा झाले. खरं सांगू? मला सगळे सारखेच वाटत होते. बोटं आपली चालली होती.

सातवा सुरू झाला. दुसऱ्या कडव्यानंतर गिटार क्षणभर थांबते, तिथे... माझ्या डाव्या बाजूने, अगदी जवळून —

"अगं, ये ना जरा."

ह्यांचाच आवाज. चहा हवा असला की हाक मारायचे, तसा. माझे हात जिथल्या तिथे थांबले.

मॅगीने मशीन बंद केलं. ती पांढरीफटक पडली होती. "तो बोलला," ती म्हणाली. "मराठीत. काय म्हणाला?"

म्हणजे तिनेही ऐकलं होतं!

तिला काय सांगायचं? मला बोलावतायत म्हणून?

"हाच टेक, म्हणाला," मी ठोकून दिलं.

ती माझ्या गळ्यात पडून रडली. मग आम्ही तो टेक परत लावला. सहा वेळा. हाक नाही, साधा श्वासही नाही. पुढे एका साउंड इंजिनिअरने तपासला — त्यालाही काही सापडलं नाही.

सातवा टेकच अल्बमवर गेला आणि तेच गाणं सगळ्यात जास्त गाजलं. मॅगी आजही गाते. प्रत्येक कार्यक्रमात सांगते, हे माझ्या प्रोड्यूसरने वरून निवडलं. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते, खोटारडी.

हे गाण्यासाठी आले होते, की माझ्यासाठी? आणि मला बोलावलं असेल, तर कुठे? उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच, की रेडिओवर ते गाणं लागलं आणि घरात दुसरं कुणी नसलं, की मी हातातलं काम ठेवते, गराजच्या दारापर्यंत जाते आणि हळूच म्हणते, "आले हो, आले."