बर्गरसोबत आलेलं गाणं

ओहायोतल्या आमच्या गावात लोर्ना हॅस्किन्स चर्चमध्ये लहान मुलांना गाणं शिकवते. तिच्या नातीला, टेसाला, बर्गरच्या दुकानात मुलांच्या जेवणाबरोबर एक गाणारं खेळणं मिळालं. रविवारी पाद्रींनी आवडतं गाणं म्हणायला सांगितलं, तर टेसाने त्या खेळण्यातलंच गाणं म्हटलं, "ढोस बाटली, झिंगून नाच, उद्याची कुणाला पडलीय!" सगळं चर्च हसलं. पोर रडत बाकाखाली शिरली आणि तिने गाणंच सोडलं.

लोर्ना दुकानात जाब विचारायला गेली. मॅनेजर ग्रेडी म्हणाला, "आजीबाई, पोरांना कुठे अर्थ कळतो?"

लोर्ना भांडली नाही. तिने गावभरातून ती खेळणी गोळा केली. नव्या शाखेच्या उद्घाटनाला ग्रेडी भाषणाला उभा राहिला. समोर कंपनीचे साहेब आणि ग्रेडीची आई बसली होती. लोर्नाच्या मैत्रिणींनी सगळी खेळणी एकदम सुरू केली.

"बंद करा ते!" ग्रेडी किंचाळला.

"थांब रे, तुझ्या आईला नीट ऐकू दे," लोर्ना म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी कंपनीने खेळणी काढून टाकली. ग्रेडी फुकट जेवणाची कुपनं घेऊन माफी मागायला आला, पण लोर्नाने दार उघडलंच नाही. टेसा अजून गात नाही.